सड्यावरच्या प्रजाती मोजताना

गोव्यातल्या पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मोजणीसाठी आखलेल्या 20 चौकटींत वनस्पतींच्या 40 प्रजाती आणि चोर्ला घाटातल्या सड्यावर 50 चौकटींत 55, एवढ्यावरून चोर्ला समृद्ध ठरवू नकोस. जास्त रोपं मोजली की प्रजाती वाढतातच. आधी दोन्हीकडचे आकडे सारख्या रोपसंख्येवर आण, म्हणजेच रेअरिफॅक्शन कर.

मोजणीतून निसटलेल्या प्रजातींचा अंदाज घ्यायला चाओ-1 हे सूत्र वापर. 40 पैकी 12 प्रजातींचं एकेकच रोप, 6 प्रजातींची दोन-दोन मिळाली, तर 12 चा वर्ग भागिले 6 ची दुप्पट, म्हणजे 12 निसटलेल्या, 40 धरून एकूण 52. हा किमान अंदाज आहे बरं.

खरा घात होतो ओळखण्यात. सीतेची आसवं या जांभळ्या फुलांच्या छोट्या रोपाला, ते कळीत असताना, वेगळं नाव दिलंस की एकुलत्या रोपाची खोटी प्रजाती वाढते, आणि सूत्रात अशा प्रजातींच्या संख्येचाच वर्ग होतो. शंका असेल तिथे फुलाचा जवळून फोटो घे, चौकटीचा क्रमांक तिथेच लिही.