वाचकांचे प्रश्न : सर्व्हर हिरवा, पण मेमरी-डिस्कचा आलेख कोरा

(आज्ञा, फाइली आणि सेटिंगची नावं इथे नागरी लिपीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन अक्षरांत आणि आकडेही त्याच लिपीतले घ्यावेत.)

प्रश्न : नव्या डेबियन सर्व्हरवर नेट-एसएनएमपी (एसएनएमपी पद्धतीने सर्व्हरची माहिती मॉनिटरिंगला देणारं सॉफ्टवेअर) बसवलं. मॉनिटरिंगमध्ये सर्व्हर हिरवा दिसतो, त्याचं नाव आणि अपटाइम येतो, पण मेमरी आणि डिस्कचे आलेख कोरेच. टेम्प्लेट काढून पुन्हा लावलं, फायरवॉलही बंद करून पाहिला. आता काय उरलं?

उत्तर : आधी फायरवॉल चालू करा, दोष तिथे नाही. नाव आणि अपटाइम येतोय म्हणजे यूडीपी पोर्ट १६१ उघडा आहे, कम्युनिटी (माहिती वाचण्यासाठीचा पासवर्डवजा शब्द) बरोबर आहे आणि एजंट (सर्व्हरवर चालणारा एसएनएमपीडी प्रोग्राम) उत्तरही देतोय. तो तुम्हाला सगळं दाखवत नाही, एवढीच अडचण आहे. टेम्प्लेट कितीही वेळा बदललं तरी यात फरक पडणार नाही, कारण टेम्प्लेट फक्त विचारतं. काय दाखवायचं हे एजंटच्या कॉन्फिगमध्ये ठरतं.

डेबियन आणि उबंटूच्या मूळ एसएनएमपीडी.कॉन्फ फाइलीत ‘सिस्टमओन्ली’ नावाचा व्ह्यू, म्हणजे काय दाखवायचं त्याची यादी, असतो आणि कम्युनिटी त्यालाच जोडलेली असते. एसएनएमपीतली माहिती आकड्यांच्या झाडात मांडलेली असते. या व्ह्यूत त्या झाडाच्या दोनच फांद्या उघड्या असतात : .१.३.६.१.२.१.१, म्हणजे नाव, ठिकाण, अपटाइम; आणि .१.३.६.१.२.१.२५.१, म्हणजे यंत्राची तारीख-वेळ, लॉगिन झालेले वापरकर्ते वगैरे. मेमरी आणि डिस्क यांचा तक्ता शेजारच्याच २५.२ या फांदीत आहे आणि ती बंद असते. रेड हॅट घराण्यातल्या वितरणांत व्ह्यूचं नाव ‘सिस्टमव्ह्यू’ असं असतं आणि तो तर २५.१.१ पाशीच थांबतो. लक्षण मात्र दोन्हीकडे अगदी हेच.

खात्री करण्यासाठी मॉनिटरिंगच्या यंत्रावरूनच एसएनएमपीवॉक (एका फांदीतल्या सगळ्या नोंदी वाचणारी आज्ञा) चालवा. आवृत्ती २सी, तुमची कम्युनिटी, सर्व्हरचा पत्ता आणि शेवटी .१.३.६.१.२.१.२५.२.३ हा ओआयडी (तक्त्याचा झाडातला पत्ता) द्या. सर्व्हरवर बसून लोकलहोस्टला विचारू नका. तिथून विचारलं की फायरवॉल मधे येत नाही, शिवाय अनेक कॉन्फिगमध्ये लोकलहोस्टसाठी वेगळी, मोकळी परवानगी असते. अशा वेळी सगळं ठीक असल्याचा भास होतो आणि शोध भरकटतो.

‘टाइमआउट’ आला तर पत्ता, फायरवॉल किंवा कम्युनिटी तपासा. आवृत्ती २सीमध्ये कम्युनिटी चुकली तर एजंट नकार कळवत नाही, गप्प बसतो. डेबियनचा एजंट मुळात १२७.०.०.१ वरच ऐकत असतो, तेव्हा ‘एजंटअ‍ॅड्रेस’ची ओळही पाहा. ‘नो सच ऑब्जेक्ट’ किंवा ‘नो मोअर व्हेरिएबल्स लेफ्ट’ आलं तर व्ह्यू अपुरा आहे. तुमच्याकडे हेच येईल. आणि ओळींची रांग व्यवस्थित आली, तर एजंट निर्दोष आहे आणि दोष मॉनिटरिंगच्या बाजूला शोधायचा.

दुरुस्ती एसएनएमपीडी.कॉन्फमधल्या दोन-चार ओळींची आहे :

व्ह्यू सिस्टमओन्ली इन्क्लुडेड .१.३.६.१.२.१.२५.२
व्ह्यू सिस्टमओन्ली इन्क्लुडेड .१.३.६.१.२.१.२५.३
व्ह्यू सिस्टमओन्ली इन्क्लुडेड .१.३.६.१.४.१.२०२१

पहिली ओळ मेमरी-डिस्कची, दुसरी प्रोसेसरच्या भाराची आणि तिसरी नेट-एसएनएमपीच्या स्वतःच्या तक्त्यांची. नेटवर्क इंटरफेसचे आकडेही हवे असतील तर .१.३.६.१.२.१.२ आणि .१.३.६.१.२.१.३१ जोडा. मग सेवा रीस्टार्ट करा.

सरसकट २५ ही पूर्ण फांदी उघडण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मानू नका. २५.४ मध्ये चालू प्रोसेसची यादी असते आणि त्यात प्रत्येक प्रोसेसला दिलेले पॅरामीटरही येतात. एखाद्या स्क्रिप्टला पासवर्ड कमांडच्या ओळीतच दिलेला असला, तर तो कम्युनिटी ठाऊक असलेल्या कोणालाही वाचता येईल. आवृत्ती २सीमध्ये कम्युनिटी नेटवर्कवरून उघडीच जाते, हेही ध्यानात असू द्या.

इतकं करूनही फरक पडला नाही, तर फाइलीत एकाच कम्युनिटीच्या दोन ‘आरओकम्युनिटी’ ओळी आहेत का ते बघा. जुनी ओळ वर तशीच ठेवून खाली नवी घातली की वरची आधी लागू पडते आणि नवीला वावच मिळत नाही. आवृत्ती ३ वापरत असाल तर ‘आरओयूजर’च्या ओळीला कोणता व्ह्यू जोडलाय ते तपासा, वापरकर्त्याचा व्ह्यू कम्युनिटीच्या व्ह्यूपेक्षा वेगळा असू शकतो.

शेवटची पायरी बहुतेकांकडून राहून जाते. मॉनिटरिंग प्रणाली डिस्कची यादी दर वेळी नव्याने शोधत नाही. लिब्रेएनएमएसमध्ये हा शोध मूळ सेटिंगनुसार ६ तासांनी चालतो, झॅबिक्सच्या टेम्प्लेटांत साधारण तासाला, आणि कॅक्टीमध्ये डेटा क्वेरी हाताने रीलोड करावी लागते. वॉकमध्ये ओळी दिसायला लागल्या की हा शोध लगेच चालवा. नाहीतर दुरुस्ती झालेली असूनही आलेख कोराच राहतो आणि माणूस पुन्हा कॉन्फिग उसकटायला बसतो.

प्रश्न : बाकीच्या डिस्क दिसतात, पण १२ टेराबाइटच्या व्हॉल्यूमचा आकार कधी उणे तर कधी भलताच लहान येतो. आणि .१.३.६.१.४.१.२०२१.९ हा तक्ता तर रिकामाच आहे.

उत्तर : हे दोन निराळे दोष आहेत. रिकाम्या तक्त्याचं कारण साधं आहे. २०२१.९ मध्ये फक्त कॉन्फिगमध्ये सांगितलेल्या डिस्क येतात. ‘डिस्क /’ अशी एकेक ओळ लिहा किंवा ‘इन्क्लूडऑलडिस्क्स १०%’ ही एकच ओळ घाला. त्यातले १० टक्के म्हणजे किमान मोकळी जागा. त्याखाली गेलं की एजंट त्या डिस्कवर त्रुटीची खूण लावतो.

उणे आकड्याचं मूळ मोजणीत आहे. २५.२.३ या तक्त्यात आकार बाइटमध्ये नसतो, ब्लॉकमध्ये असतो. पाचव्या स्तंभातली ब्लॉकसंख्या आणि चौथ्या स्तंभातला ब्लॉकचा आकार यांचा गुणाकार केला की बाइट मिळतात. ब्लॉकसंख्येसाठी ३२ बिटांचा चिन्हांकित पूर्णांक ठरलेला आहे आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल तर मर्यादा ८ टेबिबाइटला येते आणि तुमचं व्हॉल्यूम तिच्या पलीकडे आहे. एसएनएमपीडी.कॉन्फमध्ये ‘रिअलस्टोरेजयुनिट्स ०’ ही ओळ घाला. मग एजंट ब्लॉकचा आकार मोठा करून सांगतो, संख्या मर्यादेत बसते आणि गुणाकार बरोबर येतो. तुमच्या टेम्प्लेटमध्ये ४०९६ हा आकडा हाताने लिहून ठेवलेला असेल तर तो काढा आणि चौथा स्तंभच वाचा, नाहीतर या ओळीनंतर आकार पुन्हा चुकेल.

२०२१.९ मध्ये आकार किलोबाइटमध्ये असल्याने तिथे हीच अडचण २ टेबिबाइटलाच येते. त्यासाठी त्याच तक्त्यात ११ ते १६ हे स्तंभ आहेत. एकूण, मोकळी आणि वापरलेली अशा प्रत्येक आकड्याचा खालचा आणि वरचा भाग वेगळा दिलेला असतो. वरच्याला २ चा ३२वा घात गुणून खालचा मिळवायचा.

प्रश्न : डीएफ (डिस्कचा वापर दाखवणारी आज्ञा) १०० टक्के दाखवतं, सेवा जागेअभावी बंद पडते आणि आलेखावर मात्र ९५ टक्केच. चूक कोणाची?

उत्तर : चूक कोणाचीच नाही, दोघांचा भागाकार वेगळा आहे. एक्स्ट४ फाइलप्रणालीत मूळ सेटिंगनुसार ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (प्रशासक वापरकर्त्यासाठी) राखीव असतात. डीएफ ते वगळून टक्केवारी काढतं, २५.२.३ वरून काढलेली टक्केवारी ते धरून येते. सेवा रूट नसलेल्या वापरकर्त्याने चालत असेल तर तिच्यासाठी डिस्क खरोखरच भरलेली असते. म्हणून अलर्टची मर्यादा ९५ वर कधीच ठेवू नका. ८५ ला पहिली सूचना आणि ९० ला तातडीची, असं ठेवलं तर हात हलवायला वेळ मिळतो. आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले तरी जागा शिल्लक असताना हेच घडतं, ते २०२१.९ च्या दहाव्या स्तंभात दिसतात.

प्रश्न : लिनक्स सर्व्हरची मेमरी कायम ९६ टक्के भरलेली दिसते. रॅम वाढवली तरी काही दिवसांत पुन्हा तेच.

उत्तर : रिकामी पडलेली रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि प्रोग्रामने मागितली की सोडतं. २५.२.३ मधली ‘फिजिकल मेमरी’ ही ओळ कॅश आणि बफर वापरात धरते, म्हणून ती नेहमी भरल्यासारखी दिसते. खरा वापर २०२१.४ मधून काढा : एकूण (२०२१.४.५) वजा मोकळी (४.६) वजा बफर (४.१४) वजा कॅश (४.१५). यातही एक खाच आहे. टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइलप्रणाली) आणि सामायिक मेमरी कॅशमध्ये मोजली जाते, पण मागितली म्हणून ती सुटत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलसारखा डेटाबेस असेल तर सामायिक मेमरीचा आकडा (४.१३) परत मिळवा, नाहीतर वापर फसवा कमी दिसेल. झेडएफएस फाइलप्रणालीवर उलट होतं. त्याची एआरसी कॅश ‘कॅश’मध्ये न येता वापरात मोजली जाते, तिथे ९६ टक्के पाहून घाबरायचं कारण नाही. सर्व्हरवर बसून तपासताना फ्री कमांडचा ‘अव्हेलेबल’ स्तंभ पाहा. कर्नल ३.१४ पासून हा अंदाज कर्नल स्वतःच देतं आणि हाताने केलेल्या वजाबाकीपेक्षा तो भरवशाचा आहे.

प्रश्न : आकडे आठवडाभर नीट येतात आणि मग एकाएकी सगळंच थांबतं, अपटाइमसुद्धा. एसएनएमपीडी चालू दिसतं, पण रीस्टार्टही होत नाही.

उत्तर : पीएस आज्ञेच्या यादीत एसएनएमपीडीची स्थिती ‘डी’ (मध्येच तोडता न येणारी वाट पाहणं) आहे का पाहा. असेल तर बहुधा एखादा एनएफएस माउंट (दुसऱ्या सर्व्हरवरून नेटवर्कने जोडलेली डिस्क) अडकलाय. डिस्कचा तक्ता भरताना एजंट प्रत्येक माउंटला त्याचा आकार विचारतो. दूरचा सर्व्हर गप्प असला आणि माउंट ‘हार्ड’ (उत्तर मिळेपर्यंत थांबणारा) असला, तर ती विचारणा संपतच नाही आणि तिच्यामागे बाकीचे सगळे प्रश्न खोळंबतात. आधी तो माउंट ‘यूमाउंट -एफ -एल’ने सोडवा. पुढच्यासाठी ‘स्किपएनएफएसइनहोस्टरिसोर्सेस ट्रू’ ही ओळ घाला आणि एनएफएसची जागा ती देणाऱ्या सर्व्हरवरच मोजा.

एजंट अडकलेला नसेल आणि फक्त डिस्कचे आकडे मधूनमधून गळत असतील, तर टाइमआउट वाढवा. कंटेनर चालवणाऱ्या यंत्रावर शेकडो माउंट असू शकतात आणि वॉकला वेळ लागतो. नेट-एसएनएमपीच्या आज्ञा मुळात १ सेकंद थांबून ५ वेळा पुन्हा विचारतात. हळू एजंटला असं पुन्हापुन्हा विचारणं म्हणजे त्याचं काम वाढवणं. ५ सेकंद आणि १ पुनर्प्रयत्न ठेवा.

प्रश्न : सर्व्हर सगळे जमले. सिस्को स्विचची मेमरी मात्र त्याच टेम्प्लेटने येत नाही.

उत्तर : येणारही नाही. २५.२ चा तक्ता सर्व्हर-संगणकांसाठी आहे, सिस्कोच्या आयओएस प्रणालीवरचे स्विच तो सहसा देत नाहीत. तिथे .१.३.६.१.४.१.९.९.४८.१.१.१ चा वॉक घ्या : पाचव्या स्तंभात वापरलेली मेमरी, सहाव्यात मोकळी, दोन्ही थेट बाइटमध्ये. प्रत्येक पूलची (मेमरीच्या वेगळ्या भागाची) ओळ वेगळी असते आणि अलर्ट ‘प्रोसेसर’ पूलवर लावायचा. नव्या, जास्त मेमरीच्या यंत्रांवर ही फांदी रिकामी आली किंवा आकडा ४ गिगाबाइटपाशी अडला, तर ९.९.२२१ ही फांदी तपासा. तिथे ६४ बिटांचे स्तंभ आहेत.