मारबत कुठून बघावी आणि इतर प्रश्न

आम्ही यंदाच बदलीवर नागपुरात आलो, मनीषनगरला राहतो. मारबतीची मिरवणूक बघायची आहे. सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई असतील. कुठे उभं राहावं?

मारबत, म्हणजे रोगराई, इडापिडा सोबत घेऊन जाणारा बाईचा मोठा पुतळा, निघते तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. पिवळी जागनाथ बुधवारीतून येते, काळी इतवारीतून, आणि दोघींची भेट नेहरू पुतळ्याजवळ होते. सगळ्या गर्दीचा जीव या भेटीत असतो. म्हणूनच लहान मूल आणि म्हातारं माणूस घेऊन त्या चौकात अजिबात शिरू नका. रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंनी ढोलताशे, आणि मारबत पुढे सरकली की मागचा लोंढा एकदम रेटा देतो. मूल हातातून सुटतं ते याच क्षणी.

सासूबाईंना मिरवणुकीच्या दिवशी नेऊच नका. मारबती आधीच दर्शनासाठी मांडलेल्या असतात. पोळ्याच्या आधी एखाद्या संध्याकाळी जागनाथ बुधवारीत गेलात तर पिवळी मारबत निवांत, अगदी समोरून बघता येते. बांबूचा सांगाडा, त्यावर कागदाचं काम आणि रंग, हे मिरवणुकीच्या धक्काबुक्कीत कुणालाच धड दिसत नाही.

मुलाला घेऊन सकाळी नऊच्या आत पोहोचा. गाडी घरीच ठेवा. जयप्रकाशनगर किंवा उज्ज्वलनगरहून मेट्रोत बसा, सीताबर्डीला गाडी बदलून प्रजापतीनगरच्या दिशेने निघा आणि अग्रसेन चौक किंवा चितारओळी चौकाला उतरा. तिथून पायी. भेटीच्या चौकापासून थोडं दूर, सरळ रस्त्यावर, एखाद्या बंद दुकानाच्या ओट्यावर जागा धरा. मारबतींसोबत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, निघतात. त्यांची खरी मजा त्यांच्या पाट्या वाचण्यात आहे. महागाई, भ्रष्टाचार, त्या वर्षी शहराला छळणारा कुठलाही विषय बडग्या होऊन निघतो. वळणावर पुतळा फिरवताना पाटी दिसत नाही, शिवाय बघणारे मागे ढकलले जातात. दिवस पावसाचे, पण छत्री नको, शेजारच्याच्या डोळ्यात जाते. रेनकोट घ्या. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत फोन लागेलच असं नाही. ‘घेऊन जा गे मारबत!’ ही आरोळी मात्र त्याला आधीच शिकवून ठेवा. रोगराई, इडापिडा, ज्याला जे नको ते घेऊन जायला सांगायचं.

त्याच दिवशी संध्याकाळी वस्तीत तान्हा पोळा भरतो. मुलाला लाकडी बैल घ्यायचा असेल तर आठवडाभर आधी घ्या. आदल्या दिवशी उरलेलाच माल मिळतो. घेताना बैल जमिनीवर ओढून बघा, कारण चाकं खिळ्यावर सैल बसवलेली असली की पहिल्याच गल्लीत निघतात. दोरी शिंगांना बांधू नका, बैल तोंडावर पडतो. खालच्या पाटीला पुढून बांधा. आणि शेजारच्या पोरांना द्यायला सुट्टे पैसे, खाऊ घरी ठेवा. बोजारा मागायला ती येणारच.

दीक्षाभूमीला दसऱ्याला जावं की १४ ऑक्टोबरला?

बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली तेव्हा, १९५६ साली, १४ ऑक्टोबरलाच विजयादशमी होती. त्यामुळे दोन्ही दिवस मानले जातात, पण लाखोंची गर्दी लोटते ती दसऱ्याला, अशोक विजयादशमीला. या दोन दिवसांत किती अंतर पडेल हे दरवर्षी पंचांगात बघावं लागतं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला आला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने तो २० ऑक्टोबरला येतो. अधिक महिन्यानंतरचे पोळा, गणपती, दसरा हे सगळेच सण असे दोन-अडीच आठवडे पुढे सरकतात. रजा, तिकिटं मागच्या वर्षीच्या तारखेवरून काढू नका.

पुस्तकं घ्यायची असतील तर आदल्या दिवशी जा. दुकानं लागलेली असतात, पुस्तक चाळायला मिळतं आणि मजबूत कापडी पिशवी घेऊन परतता येतं. मुख्य दिवशी आसपासचे रस्ते गाड्यांना बंद होतात. राहाटे कॉलनी किंवा काँग्रेसनगर मेट्रो स्थानकावर उतरून चालत जा. हा धम्माचा सोहळा आहे. रांगेत शिस्तीने चला आणि वंदना चालू असताना कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका. त्याच संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावणदहन असतं. एका दिवसात दोन्ही गाठायचा हट्ट केला तर निम्मा वेळ रस्त्यातच जातो.

अनंत चतुर्दशीनंतरही नागपूरच्या महाल भागात गणपती बसतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. हाडपक्या किंवा मस्कऱ्या गणपती म्हणतात त्याला. भोसलेकाळापासूनची ही परंपरा पितृपक्षात असते. दहा दिवसांच्या गर्दीला कंटाळलेल्यांनी तर आवर्जून जावं.

संक्रांतीला दुचाकीवरून फिरायची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

भीती रास्त आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी तो उडतोच. सुती मांजा ताण पडला की तुटतो. नायलॉनचा ताणला जातो, तुटत नाही आणि गळ्यात रुततो. दोन दिवस शक्यतो मेट्रो किंवा बसने फिरा. दुचाकी काढावीच लागली तर उड्डाणपूल टाळा, पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घाला, काच खाली ठेवा, गळ्याभोवती जाड मफलर घट्ट गुंडाळा आणि मुलाला पुढे उभं करू नका. दोरा अंगावर आलाच तर हाताने ओढू नका, बोटं कापतात. आधी हळूहळू ब्रेक लावून थांबा, मग तो सोडवा. तारेवर अडकलेला पतंग काठीने काढायला पोरांना गच्चीवर एकटं सोडू नका.