लीप वर्षातल्या २९ फेब्रुवारीचा जादा पगार नोकरदारांना मिळायला हवा का?

नको. मासिक पगार महिन्याचा असतो. जुलैत ३१ दिवस भरून जूनच्याइतकाच पगार आपण घेतो, असे ३१ दिवसांचे महिने वर्षात सात येतात, तेव्हा कुणी हिशोब मागत नाही. साध्या फेब्रुवारीत २८ दिवसांवर पूर्ण पगार हातात येतो, तेव्हाही कुणी उरलेले परत करायला जात नाही. आणि चार वर्षांनी एक दिवस वाढला की लगेच तो फुकट राबवला म्हणायचं, हे मला पटत नाही.

पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय, "कंपनी आमचा एक दिवस खाते." हेच शब्द माझे साडू दर लीप वर्षाला म्हणतात, म्हणून लिहायला बसलो. २९ तारीख खाल्ली जाते हे खरं आहे, मी ती खाल्लेली पाहिली आहे. फक्त तुम्ही शोधताय तिथे ती सापडणार नाही. ती भागाकारात जाते.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपच्या टाइम ऑफिसात अठ्ठावीस वर्षं काढली. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, खाडे, कंत्राटदाराच्या माणसांचं मस्टर, सगळं माझ्या टेबलावर. आमच्याकडे ६३ परमनंट कामगार होते. युनियनशी झालेल्या करारात स्वच्छ लिहिलेलं होतं की बिनपगारी दिवसाची कपात करताना मासिक पगाराला त्या महिन्याच्या दिवसांनी भागायचं. म्हणजे ३१ च्या महिन्यात खाडा स्वस्त पडायचा, फेब्रुवारीत महाग. हे सगळ्यांना माहीत होतं आणि मान्यही होतं.

२८ फेब्रुवारी २०१२, मंगळवार. त्या दिवशी केंद्रीय कामगार संघटनांनी मिळून देशव्यापी संप पुकारला होता. किमान वेतन आणि कंत्राटी कामगार हे मुद्दे त्यात होते, त्यामुळे आमची माणसं उतरणार हे उघड होतं. दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, नोटीस न देता दांडी मारली तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस कायद्यात मालकाला होती. पण आमच्या युनियनने रीतसर नोटीस दिली होती, म्हणून कपात फक्त एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी, बुधवारी २९ तारखेला, त्रेसष्टच्या त्रेसष्ट माणसं पहिल्या पाळीपासून कामावर हजर.

पगार ७ मार्चला झाला. त्या दिवशी होळी होती, दुसऱ्या दिवशी धुळवड आणि गुरुवारची आमची साप्ताहिक सुट्टी एकत्र आली होती, त्यामुळे सगळे घाईत. प्रेस शॉपमधले एक मामा मात्र माझ्या खिडकीशी थांबले. बावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, बोलणं कमी. त्यांनी आधी पगाराची स्लिप खिडकीच्या फळीवर ठेवली, मग तिच्या शेजारी खिशातून काढून पंच कार्ड ठेवलं आणि काळ्या पडलेल्या नखाने दाखवलं. कार्डावर २९ च्या ओळीत निळ्या शाईत ०६:५२ उमटलेलं होतं. स्लिपवर छापलेलं होतं: महिन्याचे दिवस २८, पगारी दिवस २७.

"हा दिवस कुठं गेला, भाऊ?"

मला उत्तर देता आलं नाही. स्लिपा माझ्याच टेबलावरून गेल्या होत्या. मी कपातीचा आकडा पाहिला होता, दिवसांचा रकाना पाहिला नव्हता.

मामांचा पगार मूळ आणि डीए (महागाई भत्ता) धरून ९,७४४ रुपये. २८ ने भागलं तर दिवसाचे ३४८ होतात, २९ ने भागलं तर ३३६. फरक बारा रुपयांचा. मी आत जाऊन कॉम्प्युटरवाल्याला विचारलं, तेव्हा कळलं की पगाराच्या प्रोग्रॅममध्ये बारा महिन्यांचे दिवस एकदाच भरून ठेवले होते आणि फेब्रुवारीसमोर कायमचे २८ होते. २००८ लाही तेच छापून गेलं असणार. तेव्हा संप नव्हता, खाडे तुरळक, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी पर्सोनेलच्या साहेबांकडे गेलो. माझी अपेक्षा होती की चूक आहे म्हटल्यावर दुरुस्त करू म्हणतील. ते म्हणाले, "फेब्रुवारी आपण अठ्ठावीसचाच धरतो. बारा रुपयांसाठी पगारपत्रक परत काढायचं का?"

मी त्यांना जे बोललो ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. "साहेब, एकोणतीस तारीख महिन्यात असेल तर भागा एकोणतीसने. महिन्यात नसेल तर त्या दिवशी त्रेसष्ट माणसांनी काम केलंय, त्याचा पगार वेगळा द्या. दोन्हीतलं एक करा."

केबिनमध्ये आणखी दोघं होते. साहेबांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो, पण जाण्याआधी कराराची प्रत, मामांची स्लिप आणि कार्ड तिन्हींची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एक संच युनियनच्या सेक्रेटरीकडे दिला. टाइम ऑफिसातल्या माणसाने युनियनला कागद द्यायचा नसतो, हे मला माहीत होतं. एप्रिलमध्ये मार्चच्या पगाराबरोबर फरक मिळाला, कुणाला अकरा, कुणाला बारा, सीनियर सेटरला चौदा. मामांनी रजिस्टरवर सही करण्याआधी २९ चा आकडा नीट पाहून घेतला. त्या वर्षी माझी ग्रेड वाढली नाही. का वाढली नाही, ते मला कुणी सांगितलं नाही.

आता साडूंकडे येतो. ते हिंजवडीत आयटीत आहेत, हुद्दा मोठा, पगारही चांगला. २०१२ च्या त्या एप्रिलमध्ये सासुरवाडीला लग्नाच्या पंगतीत मी हे सांगितलं, तर ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बारा रुपयांसाठी साहेबाशी भांडलात साडूभाऊ? काय मिळवलंत?" सगळे हसले. मी वाढून घेतलेला भात तसाच ठेवून उठलो. याच साडूंनी २९ फेब्रुवारी २०२४ ला घरच्या ग्रुपवर हिशोब टाकला की वर्षाला बारा लाख भागिले ३६६ म्हणजे ३,२७९ रुपये कंपनीने प्रत्येकाचे बुडवले, आवाज उठवा. खाली जोडीला तो नेहमीचा मेसेज, की ५२ आठवडे भागिले ४ म्हणजे तेरा पगार होतात, इंग्रजांनी बाराच दिले आणि तेरावा बोनस म्हणून मिळाला. हा मेसेज चुकीचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत बोनस सुरू झाला तो १९१७ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या महागाईमुळे. मालकांनी पुढे तो बंद केला तेव्हा १९२४ ला कामगारांनी त्यासाठी मोठा संप केला. कायदा आला १९६५ ला. आठवड्यांच्या गणिताशी त्याचा संबंध नाही, आणि लढून मिळवलेल्या गोष्टीला आकड्यांचा खेळ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या दिवशी मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की आज गुरुवार आहे. आमच्या पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. २०२४ च्या फेब्रुवारीत १, ८, १५, २२ आणि २९ असे पाच गुरुवार आले. म्हणजे २९ दिवसांतून पाच सुट्ट्या वजा केल्या की कामाचे दिवस २४, साध्या फेब्रुवारीइतकेच. मासिक पगारवाल्याने जादा काही काम केलं नाही. आणि रोजावरच्या माणसाला लीप वर्षाचा जो एक दिवस मिळायचा, तो मिळाला नाही. त्याचं खोलीभाडं महिन्याचं, मजुरी दिवसाची. कंत्राटदाराकडची पोरं फेब्रुवारीचा पगार घेताना दोनदा मोजायची आणि त्याच महिन्यात उचल सगळ्यात जास्त मागायची, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. २९ तारखेचा खरा हक्कदार शोधायचा तर तो तिथे आहे. २०१२ ला बुधवार होता, तेव्हा त्यांना एक हजेरी जास्त मिळाली होती, आणि ती मस्टरवर चढवताना मला बरं वाटलं होतं.

भागाकार किती मोठी गोष्ट आहे ते ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेत बघा. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, पण मासिक पगाराला भागायचं २६ ने, कारण सुट्ट्या वगळून कामाचे दिवस तेवढे. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने २६ च धरलं आणि पुढे ते कायद्यातच आलं. मामांच्या ९,७४४ वर २६ ने भागलं तर वर्षाला ५,६२२ रुपये येतात, ३० ने भागलं तर ४,८७२. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे साडेसातशेचा फरक, फक्त खालचा आकडा बदलल्यामुळे. लीप वर्षाच्या एका दिवसावर चर्चा करणाऱ्या किती जणांना आपली कंपनी रजेचे पैसे देताना ३० ने भागते आणि कापताना २६ ने, हे माहीत असतं? दोन्हीकडे एकच आकडा मागा. तिथे दर वर्षी पैसे जातात.

साडूंचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, तेव्हा मी तो मान्य केला नव्हता. त्यांच्या कंपनीत क्लायंटला दिवसाच्या हिशोबाने बिल लागतं. २०२४ चा तो गुरुवार त्यांच्याकडे कामाचा होता, कंपनीने त्या दिवसाचं बिल लावलं आणि माणसांना पगार नेहमीचाच दिला. जिथे तुमची मेहनत दिवसावर विकली जाते आणि तुम्हाला महिन्यावर विकत घेतलं जातं, तिथे वाटा मागायला जागा आहे. पण तो ऑफर लेटरवर सही करताना मागायचा. (२०२० ला २९ तारीख शनिवारी होती, पाच दिवसांच्या आठवड्यात तोही प्रश्न आला नाही. २०२८ ला मंगळवार आहे.) आणि तुम्ही तासावर किंवा रोजावर असाल तर हा प्रश्नच नाही, २९ तारखेला काम केलंत तर तिचे पैसे तुमचेच, ते कुणी दिले नाहीत तर ती सरळ चोरी आहे.

गेल्या दिवाळीत साडूंकडे गेलो होतो. मी त्यांना २०२४ च्या फेब्रुवारीची स्लिप दाखवा म्हटलं. त्यांनी मोबाइलवर शोधून दिली, पण तिच्यात दिवसांचा रकाना कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी दाखवला. त्यात २९ होते. तुम्ही तुमची काढा आणि तुमच्या रकान्यात काय छापलंय ते बघा. २८ असेल आणि त्या महिन्यात तुमचा एखादा जरी खाडा असेल, तर करारात भागाकार कसा ठरलाय ते वाचा आणि स्लिपेची झेरॉक्स काढून ठेवा.