'नागरिक' या अर्थाचा स्त्रियांसाठी वेगळा शब्द जुन्या भाषांत होता का?

होता, पण शब्द असला म्हणून हक्क होता असं नाही. प्राचीन अथेन्समध्ये पुरुषाला 'पोलितेस' आणि स्त्रीला 'पोलितिस' म्हणत; मात्र स्त्रीसाठी जास्त रुळलेला शब्द 'अस्ते', म्हणजे नगरातल्या कुळातली. इ. स. पू. ४५१च्या अथेन्सचा नेता पेरिक्लिस याच्या कायद्यानुसार आई-वडील दोघेही अथेनियन असतील तरच मूल नागरिक ठरे. म्हणजे आईचं नगरातलं असणं कायद्याने मोजलं जाई, पण सभेत मत देताना तिला जागा नव्हती. लॅटिनमध्ये 'किविस' हा एकच शब्द दोघांनाही चाले.

सगळ्यात गाजलेला शब्द फ्रेंच 'सितोयेन', म्हणजे स्त्री-नागरिक. तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीपासून होता, पण १७९२च्या सुमारास 'मादाम'च्या जागी तो सर्रास संबोधन झाला. त्याच काळात इंग्रजीत त्याच्या नकलेवर 'सिटिझनेस' घडवला गेला. तो टिकला नाही, आणि फारसं बिघडलंही नाही. फ्रान्समध्येही शब्दाबरोबर हक्क आला नाही: फ्रेंच लेखिका ओलांप द गूज यांनी १७९१मध्ये स्त्री-नागरिकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, १७९३मध्ये त्यांना गिलोटिनवर चढवलं. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला थेट १९४४मध्ये!

एक खुलासा: 'नगरात राहणारी' आणि 'राज्याची नागरिक' हे अर्थ एकच धरू नका. कालिदासाच्या मेघदूतात उज्जयिनीच्या स्त्रियांना 'पौराङ्गना' म्हटलंय, ते फक्त पहिल्या अर्थाने. मराठीत आज 'नागरिक' दोघांनाही चालतो. 'महिला नागरिक' फक्त वेगळा उल्लेख हवा असेल तेव्हा.