वाचक विचारतात : बॉयकॉट म्हणजे वाळीत टाकणंच ना?

प्रश्न : कांद्याचा भाव पडला की आमच्याकडे लिलावावर बॉयकॉट टाकायचं ठरतं. परवा आजोबा म्हणाले, बॉयकॉट म्हणजे आपलं वाळीत टाकणंच की. आमच्या एका नातेवाइकांना आंतरजातीय लग्नावरून वाळीत टाकलंय म्हणून जास्तच लागलं. दोन्ही एकच का? शब्द आला कुठून?
– एक वाचक, निफाड, जि. नाशिक

उत्तर : दादा, बॉयकॉट हे माणसाचं आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडातल्या मेयो भागात लॉर्ड अर्न नावाच्या जमीनदाराचा कारभारी. 1879 ला तिकडे पीक बुडालेलं, कुळांना खंड भरणं जमेना, त्याच वर्षी मायकेल डॅविट आणि पार्नेल या पुढाऱ्यांनी लँड लीग ही कुळांची संघटना काढली. 1880 ला अर्नच्या कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली, मिळत होती 10, आणि बॉयकॉटने सरळ बेदखलीच्या नोटिसा धाडल्या. नोटिसा घेऊन आलेल्या माणसाला गावातल्या बायांनी चिखल-शेण मारून पळवून लावलं हे मला फार आवडतं.

त्याच्या दोन-तीन दिवस आधी पार्नेल एनिस गावच्या सभेत बोलला होता. बेदखल झालेल्याची जमीन दुसऱ्याने घेतली तर त्याचं काय करायचं, असं त्याने विचारलं, गर्दीतून आवाज आला गोळी घाला, तर हा म्हणाला त्यापेक्षा चांगला मार्ग आहे, रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये कुठेच त्याच्याशी बोलू नका. तेच बॉयकॉटच्या वाट्याला आलं. गडी गेले, धोबीण गेली, लोहार येईना, दुकानदार माल देईना, आपल्याकडे न्हावी-धोबी बंद म्हणतात ना अगदी तसं. शेवटी पीक काढायला बाहेरून 50 मजूर आणले आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार शिपाई, म्हणजे बटाटे-सलगमच्या किमतीपेक्षा बंदोबस्ताचा खर्च कितीतरी पट. डिसेंबर उजाडला तसा साहेब आयर्लंड सोडून गेला. शब्द काढला तिथल्याच फादर ओ'मॅली नावाच्या पाद्र्याने, कारण इंग्रजीत आधी जो शब्द होता तो शेतकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही असं त्याला वाटलं.

तेव्हा आजोबांचं निम्मं बरोबर आहे, रीत तीच. पण बॉयकॉटवर बहिष्कार पडला तो त्याने जे केलं त्यावर, आणि टाकणारे कुळं होते, ज्यांच्याकडे ना जमीन ना सत्ता. तो खंड कमी करून मोकळा होऊ शकत होता. तुमच्या नातेवाइकांनी काय करावं म्हणजे पंच थांबतील, लग्न मोडावं? हे हत्यार पुढे आयर्लंडातही गरिबांवर उलटलं हे मान्य, दुसऱ्याची जमीन घेणारा कधी कधी तितकाच कंगाल असायचा आणि त्याच्या घरचीही पोरं उपाशी राहायची, तरी त्या दबावातूनच 1881 चा जमीन कायदा आला, वाजवी खंड कोर्टाने ठरवायचा आणि खंड भरणाऱ्या कुळाला काढता यायचं नाही, आपल्या कूळकायद्याचा थोरला भाऊच म्हणा.

त्यामुळे लिलावावर बॉयकॉट खुशाल म्हणा. नातेवाइकांचं मात्र वेगळं, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसात किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार देता येते. कोणी, कधी, काय बंद केलं ते तारखांसकट आजच लिहून काढायला सांगा.