टेक्सासमध्ये पिस्तूल उघड बाळगावं की झाकून?

झाकूनच. २०२१ पासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरील पात्र माणसाला परवान्याशिवाय दोन्हीची मुभा आहे. उघड ठेवायचं तर होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं म्यान, सक्तीचं. पण मुभा आहे म्हणून मिरवायचं कशाला? दुकानात बिल भरताना मागच्या माणसाचा हात तुमच्या कमरेपासून वीतभर लांब असतो. झटापटीत पिस्तूल त्याच्या हाती गेलं की खेळ खलास.

तरी परवाना काढाच. दुकानाच्या दारावरची ३०.०७ची पाटी (हा टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलमाचा क्रमांक) परवानाधारकाचं उघड शस्त्र अडवते, झाकलेलं नाही. त्यासाठी ३०.०६ची पाटी असते. शर्ट मात्र लांब घ्या, वाकलात की वर सरकतो!

भारतात हा प्रश्नच येत नाही: २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलंच लागतं.