मोबाइलवर गेम खेळून अंगठा आणि मनगट दुखतंय, काय करू?

भाऊ, सुट्टीत रोज पाच-सहा तास गेम खेळतो म्हणतोस, मग अंगठा धरणारच. अंगठा मुठीत दाबून मनगट हळूच करंगळीकडे वाकव. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर बहुधा डी क्वेर्वेनचा त्रास आहे; अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरांवरचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांवरचं) आवरण सुजतं. आमच्याकडे जळगावला कापूस वेचणीच्या दिवसांत आईचा अंगठा असाच दुखायचा, म्हणून कळकळीनं सांगतो: जोरात चोळू नकोस. दोन-तीन आठवडे गेम बंद. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, दिवसातून दोनदा. मेडिकलमधून अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा घे, नुसत्या मनगटाच्या पट्ट्यात अंगठा मोकळाच राहतो. बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र थांबू नकोस, हाडांच्या डॉक्टरांना दाखव.